हेल्थकेअरमध्ये नवीन काही करायचंय ना, मग आधी वही घे आणि मोजायला लाग

प्रश्न थोडक्यात असा आहे. एमबीबीएसची इंटर्नशिप संपत आलेली एक मुलगी विचारतेय की मला आयुष्यभर नुसती ओपीडी नाही करायची, हेल्थकेअरमध्ये काहीतरी नवीन करायचंय, डिव्हाइस म्हणा अ‍ॅप म्हणा, तर पीजीचा नाद सोडून सरळ स्टार्टअपमध्ये जाऊ का? आपल्याकडे ज्या बायकांनी असं काही केलं त्या नेमक्या कुठल्या रस्त्याने गेल्या? आणि लग्न, मुलंबाळं झाली की हे सगळं बंद पडतं का?

मी नवजात बाळांची डॉक्टर. सव्वीस वर्षं झाली, त्यातली बहुतेक सरकारी हॉस्पिटलात. माझी पुतणी तुझ्याच वयाची आहे म्हणून सरळ अगंतुगं करतेय, राग मानू नकोस. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस.

आधी एक गोष्ट सांगते कारण माझं सगळं म्हणणं तिच्यातच आहे.

सायन हॉस्पिटल तुला माहीत असेल, धारावीला लागून आहे, महापालिकेचं. तिथे डॉ. अर्मिडा फर्नांडिस नवजात बाळांचा विभाग बघायच्या, पुढे त्याच हॉस्पिटलच्या डीन झाल्या. त्या काळात कमी दिवसांची, कमी वजनाची बाळं आली की त्यांना आईपासून लांब ठेवायचं, बाटलीने पावडरचं दूध पाजायचं, हीच सगळीकडची पद्धत होती आणि ती आधुनिक समजली जायची. आता महापालिकेचा वॉर्ड म्हणजे काय ते डोळ्यासमोर आण. चाळीस बाटल्या, त्या उकळायला एक पातेलं, रात्रपाळीला दोन सिस्टर, एक मावशी. बाटली कुठेतरी अर्धवट उकळली जाणार, बुचाला कुणाचा तरी हात लागणार, बाळाला जुलाब, मग इन्फेक्शन, मग बाळ जाणार. आणि गेल्यावर केसपेपरवर काय लिहायचं, प्रीमॅच्युरिटी अँड सेप्सिस, म्हणजे बाळ अपुऱ्या दिवसांचं होतं आणि रक्तात जंतू पसरले. जणू बाळच कमी पडलं. मी स्वतः असे पेपर लिहिलेत गं, रेसिडेन्सीला, वेगळ्या हॉस्पिटलात, आणि लिहिताना मला काहीही वाटलं नव्हतं कारण माझ्या आधी सगळ्यांनी तेच लिहिलेलं होतं.

फर्नांडिस मॅडम आणि त्यांच्या टीमने बाटल्या बंद केल्या. आईला आत घेतलं, आईचंच दूध काढून वाटी-चमच्याने नाहीतर नळीने द्यायला लागले. पण काही आयांना दूध येत नाही, कुणी सिझरनंतर आयसीयूत असते, कुणी बाळंतपणातच गेलेली असते, मग त्या बाळांचं काय? त्यातून १९८९ मध्ये सायनला मिल्क बँक सुरू झाली, आशियातली पहिली. आज आपण सहज म्हणतो मिल्क बँक, पण तेव्हा दुसऱ्या बाईचं दूध बाटलीत भरून फ्रीजरमध्ये ठेवायचं आणि तिसऱ्याच बाळाला द्यायचं ही कल्पना वॉर्डातल्या बायकांना, त्यांच्या सासवांना आणि ऑफिसातल्या क्लार्कला पटवणं म्हणजे काय असेल विचार कर.

ते काम कसं चालतं हेही बघ कारण इनोव्हेशन म्हटलं की तुझ्या डोळ्यासमोर मोबाईलची स्क्रीन येते. जिच्या बाळाचं पोट भरून दूध उरतं अशी आई निवडायची, तिची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, व्हीडीआरएल (सिफिलिसची) तपासणी करायची, स्वच्छ दूध काढून घ्यायचं, ते ६२.५ डिग्रीवर ३० मिनिटं तापवायचं, लगेच थंड करायचं, थोडंसं कल्चरला पाठवायचं, त्यात जंतू आले नाहीत तरच वापरायचं, तोवर उणे २० डिग्रीला गोठवून ठेवायचं. बस. ना त्यात चिप आहे ना सॉफ्टवेअर. आणि लागतं किती, तर एक किलोच्या बाळाला सुरुवातीला दर दोन तासांनी दोन मिलीच्या आसपास. एका आईचं उरलेलं कपभर दूध म्हणजे अशा बाळाचे कितीतरी दिवस. प्रीमॅच्युअर बाळाची आतडी सडायचा जो भयंकर आजार असतो ना, एनईसी, तो आईच्या दुधावरच्या बाळांत कमी होतो, हे आता जगभर मान्य आहे. आपल्या केंद्र सरकारने या सगळ्याची राष्ट्रीय गाईडलाइन काढली २०१७ साली, म्हणजे सायनच्या त्या फ्रीजरनंतर अठ्ठावीस वर्षांनी.

आता बाईंचं करिअर बघ. बाळांच्या वॉर्डात अनेक वर्षं काढल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हॉस्पिटलात वाचवलेलं बाळ धारावीत परत जातं आणि तिथे परत आजारी पडतं, म्हणून १९९९ मध्ये स्नेहा ही संस्था उभी केली, वस्तीत जाऊन बायका-मुलांच्या तब्येतीचं काम करायला. पुढे त्यांची मुलगी रोमिला कॅन्सरने गेली, त्या दुःखातून तिच्या नावाने पॅलिएटिव्ह केअरचं सेंटर सुरू केलं, म्हणजे जे बरे होणार नाहीत त्यांची वेदना कमी करायचं काम. जन्माला आलेल्या बाळापासून सुरुवात आणि शेवटच्या दिवसांच्या माणसापर्यंत. हे कुठल्या कोर्समध्ये बसतं का सांग? बसत नाही, पण प्रत्येक वळणावर त्यांनी समोर कोण तडफडतंय तेवढंच बघितलं.

दुसरं नाव तुला माहीतच असेल, डॉ. राणी बंग. लोक बंग दांपत्य म्हणतात आणि बऱ्याचदा बोलतात अभय बंगांबद्दल, पण राणीताईंचं जे काम मला सगळ्यात मोठं वाटतं ते वेगळंच आहे. नागपूरला गायनॅकमध्ये एमडी, मग दोघं अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला पब्लिक हेल्थ शिकून आले आणि १९८६ पासून गडचिरोलीत, सर्च ही संस्था काढून. तेव्हा जगभर खेड्यातल्या बाईची तब्येत म्हणजे फक्त बाळंतपण आणि फॅमिली प्लॅनिंग एवढंच धरलं जायचं. ती गरोदर नाही तर तिला काही होतच नाही असं. राणीताई गावात बायकांशी बोलायच्या आणि बायका सांगायच्या, अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते, संबंध नको वाटतात. मग त्यांनी दोन गावं घेतली आणि साडेसहाशे बायकांची नीट आतून तपासणी केली, लॅबसकट. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला. सरासरी एका बाईला ३.६ आजार. आणि त्याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या बायका किती, तर ८ टक्के. हे १९८९ च्या जानेवारीत लॅन्सेट या मोठ्या मेडिकल जर्नलला छापून आलं आणि जगातल्या पब्लिक हेल्थवाल्यांना पहिल्यांदा आकडा दिसला की खेड्यातली बाई नुसती गर्भाशय नाहीये.

मला सांग, यात नवीन काय शोधलं? औषध नवीन नाही, तपासणी नवीन नाही. फक्त जे सगळ्या बायकांना माहीत होतं आणि एकाही डॉक्टरला विचारावंसं वाटलं नव्हतं ते मोजलं. मी तुला शंभर वेळा हेच सांगणार आहे, मोजणं हेच पहिलं इनोव्हेशन. मशीन नंतर येतं, कधीकधी येतही नाही.

आणि कधीकधी येतं ते कसं बघ. गडचिरोलीत लहान मुलं न्यूमोनियाने जायची. न्यूमोनिया ओळखायला मिनिटाला श्वास मोजावे लागतात, दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० आणि त्यावरच्या बाळाचे ५० च्या वर गेले की धोका. आता गावातली सुईण, जिला पन्नासपर्यंत मोजता येत नाही, ती काय करणार? बंग पती-पत्नींनी एक मिनिटाची वाळूची घडी आणि मण्यांच्या दोन ओळी असं साधन केलं, एक ओळ छोट्या बाळाची, एक मोठ्याची. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आधी लाल मणी आला तर न्यूमोनिया, औषध दे. बघ किती सुंदर आहे ते. बाईला दहापर्यंत येतं ना, मग दहावरच सगळं बसवा. आपण काय करतो, आधी अ‍ॅप बनवतो मग बाईला म्हणतो तू शीक.

पुढे ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं, घरी जाऊन बाळाचं वजन करणं, ऊब देणं, इन्फेक्शनची लक्षणं ओळखणं आणि गरज पडली तर जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन देणं. हो, गावातली बाई नवजात बाळाला इंजेक्शन देणार. तेव्हा आमच्याच ब्रँचच्या मोठमोठ्या लोकांना हे अजिबात पटलं नव्हतं. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, शेजारच्या ज्या गावांत हे केलं नव्हतं त्यांच्याशी तुलना करून काढलेला आकडा, १९९९ मध्ये परत लॅन्सेट. आज तुझ्या पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी वजनकाटा घेऊन जातात ना, ते तिथून आलं, २०११ पासून देशभर.

एक मात्र लक्षात घे की या गोष्टीत नावं दोघा-तिघांची येतात आणि हातांनी काम करणाऱ्या शेकडो बायकांची येत नाहीत. यावरून मला चेन्नईची गोष्ट आठवते, ती जरा सविस्तर सांगते कारण करिअर या शब्दाचा खरा अर्थ मला तिथे कळला.

१९८६ साल. भारतात एड्स नाहीच असं सगळे म्हणत होते, आपली संस्कृती वेगळी वगैरे. मद्रास मेडिकल कॉलेजात डॉ. सुनीती सॉलोमन मायक्रोबायॉलॉजीच्या प्रोफेसर, माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत वाढलेल्या मराठी घरातल्या. त्यांनी आपल्या एका विद्यार्थिनीला, बत्तीस वर्षांची सेल्लप्पन निर्मला तिचं नाव, डिझर्टेशनचा विषय म्हणून एचआयव्हीची तपासणी सुचवली. निर्मला छोट्या गावातून आलेली, दोन लहान मुलं, तिला वाटलं काहीच सापडणार नाही. सेक्स वर्कर बायका कुठे भेटणार तेही माहीत नाही, मग ज्या बायकांना पोलिसांनी पकडून रिमांड होममध्ये ठेवलेलं असायचं तिथे जायची. ग्लोव्हज नाहीत. नवरा स्कूटरवर सोडायचा. ऐंशी सॅम्पल गोळा केली, सीरम वेगळं केलं आणि ठेवायला जागा नाही म्हणून घरच्या फ्रीजमध्ये ठेवलं. घरच्या फ्रीजमध्ये! चेन्नईत एलायझाची, म्हणजे एचआयव्ही ओळखायच्या रक्ताच्या तपासणीची, सोय नव्हती म्हणून बर्फाच्या पेटीत घालून नवरा-बायको रात्रीच्या ट्रेनने वेल्लोरला ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात. तिथे सहा सॅम्पल पिवळी पडली, म्हणजे पॉझिटिव्ह. पुन्हा गोळा केली, पुन्हा तपासली, अमेरिकेतही पाठवली, तेच. भारतात एचआयव्ही आहे हे असं कळलं.

पुढे काय झालं बघ. सुनीती मॅडमनी सरकारी नोकरी सोडून १९९३ मध्ये वाय. आर. गायतोंडे सेंटर काढलं, आपल्या वडिलांच्या नावाने. ज्यांना कुणी हात लावायला तयार नव्हतं त्या पेशंटना त्यांनी जवळ घेतलं, २०१५ मध्ये जाईपर्यंत तेच केलं. आणि निर्मला? तिने १९८७ मध्ये डिझर्टेशन सबमिट केलं, परीक्षा पास झाली, चेन्नईच्या किंग इन्स्टिट्यूटमध्ये लस बनवायच्या विभागात लागली आणि २०१० मध्ये रिटायर झाली. लोकांना तिचं नाव कळलं ते तीस वर्षांनी. तुला यातली कुठली होता येईल हे तुझ्या हातात नाही, खरंच नाही, ते नशीब, माणसं, वेळ यावर असतं. पण ऐंशी सॅम्पल गोळा करणं हातात होतं आणि ते तिने केलं. मला विचारशील तर निर्मलाताईंचं करिअर मला तेवढंच मोठं वाटतं.

मुंबईच्या गायनॅकच्या डॉ. इंदिरा हिंदुजांचंही असंच, लोकांना फक्त टेस्ट ट्यूब बेबी आठवतं. ६ ऑगस्ट १९८६, केईएम, मुलगी झाली. पण केईएमसारख्या महापालिकेच्या हॉस्पिटलात गर्दीची ओपीडी, बाळंतपणं सांभाळत आणि शेजारच्याच आयसीएमआरच्या (केंद्र सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद) संस्थेतल्या डॉ. आनंद कुमारांबरोबर लॅबचं काम करत त्यांनी हे केलं. म्हणजे क्लिनिशियन आणि सायंटिस्ट एका भिंतीच्या अंतरावर होते म्हणून ते झालं. हे तू नीट लक्षात ठेव, तुला पार्टनर शोधायचा तर तो चालत जाऊन भेटता येईल एवढ्या अंतरावर शोध. आणि त्या बाईंचं टिकून राहणं बघ, ती मुलगी मोठी झाली, तिचं स्वतःचं बाळंतपण २०१६ मध्ये, तेही हिंदुजा मॅडमनीच केलं.

आता लग्न आणि मुलांचा प्रश्न. तू मिनल डाखवे भोसले यांचं उदाहरण नक्की ऐकलं असशील, पुण्यातल्या मायलॅबमध्ये कोरोनाची पहिली भारतीय टेस्ट किट केली त्यांच्या टीमने, सहा आठवड्यांत, १८ मार्च २०२० ला किट पुण्याच्याच एनआयव्हीकडे (राष्ट्रीय विषाणू संस्था) तपासायला दिलं आणि दुसऱ्या दिवशी मुलगी झाली. त्यावेळी व्हॉट्सअ‍ॅपवर हे इतकं फिरलं की आमच्या गरोदर रेसिडेंटना लोक ऐकवायला लागले, बघा ती बाई काय करते. मला मिनलताईंबद्दल प्रचंड आदर आहे, पण त्या गोष्टीतून हा धडा काढू नकोस की कळा येईपर्यंत काम केलं तरच तू खरी. सहा आठवडे दिसतात, त्याच्या मागची वर्षं दिसत नाहीत. ती टीम आधीपासून एचआयव्ही, हिपॅटायटिसच्या मॉलिक्युलर टेस्ट बनवत होती, प्रायमर कसे डिझाइन करायचे, कुठे कंट्रोल चुकतो, सीडीएससीओला, म्हणजे केंद्राच्या औषध नियंत्रकांना, कागद कसे लागतात हे हाताला माहीत होतं, म्हणून वेळ आली तेव्हा सहा आठवड्यांत जमलं. स्टार्टअपमध्ये जाऊ का याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

आणि मुलांचं म्हणशील तर आपल्या आधीच्या बायकांनी त्याचा विचार करून ठेवलाय. डॉ. कमल रणदिवे, पुण्याच्या, हुजूरपागा आणि फर्ग्युसनच्या, मुंबईत डॉ. खानोलकरांच्या हाताखाली पीएचडी, मग अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या लॅबमध्ये, जिथे पेशी काचेच्या भांड्यात वाढवायची विद्या जगात पुढे गेली, आणि परत येऊन मुंबईत टिश्यू कल्चरची लॅब उभी केली. ब्रेस्ट कॅन्सर, कुष्ठरोगाचा जंतू, बरंच काम आहे, १९८२ मध्ये पद्मभूषण. पण मला त्यांची आठवण वेगळ्या कारणाने येते. १९७३ मध्ये त्यांनी इतर काही जणींबरोबर इंडियन वुमन सायंटिस्ट्स असोसिएशन काढली आणि त्या संस्थेने पुढे वाशीला काय चालवलं माहितीये? वर्किंग वुमन हॉस्टेल आणि पाळणाघर. नुसती भाषणं नाहीत. बाई लॅब का सोडते तर मूल कुठे ठेवू या प्रश्नापायी, मग पाळणाघर काढा. माझ्या दृष्टीने पाळणाघर हीसुद्धा हेल्थकेअरमधली मोठी इनोव्हेशन आहे, लॅबमधली बाई त्याच्यामुळेच तर टिकते.

माझं सांगते. मुलगी झाल्यावर मी अडीच वर्षं पूर्ण वेळ काम केलं नाही, सासूबाई होत्या तरी. परत आले तेव्हा माझ्या बरोबरचे पुढे गेले होते, एका सीनियरने तोंडावर सांगितलं की आता तुम्ही ओपीडीच बघा मॅडम. रडले. पण त्या ओपीडीत बसून मी जे बघितलं ते वॉर्डात कधीच दिसलं नसतं, डिस्चार्ज दिलेली आमचीच बाळं वजन न वाढता परत येत होती. ब्रेक वाईट असतो, खोटं नाही बोलणार, पगार जातो, सीनियॉरिटी जाते. पण ब्रेकमध्ये डोळे मिटत नाहीत.

आता माझी स्वतःची चूक, कारण ती तुझ्या कामाची आहे. आमच्या युनिटला बाळं थंड पडून यायची, हायपोथर्मिया. बाहेरून रेफर होऊन आलेली असतील असं आम्ही धरून चाललो होतो. मी उत्साहात दोन इंजिनियरिंगच्या मुलांना धरलं आणि बाळाच्या पायाला बांधायचा टेंपरेचरचा पट्टा बनवायला घेतला, थंड झालं की अलार्म. वर्ष गेलं त्यात. प्रोटोटाइप वॉर्डात आणला आणि आठवड्यात तो कपाटात गेला. का? स्पिरिटने पुसला की पट्टा कडक व्हायचा आणि बाळाच्या कातडीवर वळ उठायचे, आणि अलार्म इतका वाजायचा की सिस्टर तो बंद करून ठेवायच्या, त्यांचं बरोबरच होतं, आधीच आठ मशीन वाजत असतात. मी सिस्टरना एकदाही विचारलं नव्हतं. त्या मुलांची तर माफीच मागावीशी वाटते अजून.

मग आमच्याच एका सिस्टरने, वीस वर्षं त्याच युनिटला, शाळेची दोनशे पानी वही घेतली आणि प्रत्येक बाळाचं टेंपरेचर दोनदा लिहायला सुरुवात केली. एकदा लेबर रूमच्या दारात, एकदा आमच्या दारात. महिनाभरात दिसलं की थंड पडणारी निम्म्याहून जास्त बाळं बाहेरची नव्हती, आमच्याच बिल्डिंगमध्ये जन्मलेली होती. लेबर रूम तळमजल्यावर, आम्ही दुसऱ्या मजल्यावर, रात्री लिफ्टवाला नसायचा, मावशी ओल्या फडक्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन लिफ्टच्या दारात उभी. एवढंच. उपाय काय केला, कोरडं गरम फडकं, टोपी, फार छोटं बाळ असेल तर स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत मानेपर्यंत, आणि लिफ्टची किल्ली मावशीकडे. खर्च जवळजवळ शून्य. त्या वहीची आधीची पानं आणि नंतरची पानं शेजारी ठेवून मी आमच्या सुपरिंटेंडंटना दाखवली, काही बोलावं लागलं नाही.

वर्षभराच्या पट्ट्याने जे केलं नाही ते वहीने केलं, पण म्हणून मी तुला डिव्हाइस करू नकोस असं म्हणत नाहीये. म्हणतेय की वही आधी.

डिव्हाइसच करायचं ठरलं तर रस्ता आहे, तो सांगून टाकते. आपल्याकडे मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ आहेत, धोक्यानुसार ए, बी, सी, डी असे चार क्लास. तुझी वस्तू कुठल्या क्लासला बसते हे पहिल्या महिन्यात बघ, शेवटच्या नाही, कारण खर्च आणि वेळ सगळा त्यावर ठरतो. पैशासाठी बिरॅक या केंद्र सरकारच्या बायोटेक संस्थेची बिग नावाची ग्रँट आहे, ५० लाखांपर्यंत, कल्पना सिद्ध करण्यासाठी. पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आवारात व्हेंचर सेंटर, मुंबईत आयआयटीत बेटिक, तिथे डॉक्टर आणि इंजिनियर एकत्र बसून काम करतात, प्रोटोटाइपची मशीन असतात. पेशंटवर काहीही वापरायच्या आधी एथिक्स कमिटी, मग ते कितीही साधं वाटो. आणि पेटंटचं ऐक, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कॉन्फरन्समध्ये पोस्टर लावायच्या आधी पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाक, एकदा जगाला दाखवलं की ते नवीन राहत नाही. प्रोव्हिजनलनंतर पूर्ण अर्जाला बारा महिने मिळतात. आणि अर्जदार बाई असेल तर अर्जाची तपासणी लवकर करून मागता येते, २०१९ पासून नियमच आहे, बऱ्याच जणींना माहीतच नाही.

करार नीट वाच. माझ्या ओळखीच्या एका सिस्टरने सलाइनच्या नळीसाठी एक साधी क्लिप सुचवली, एका कंपनीच्या माणसाला दाखवली, सहा महिन्यांनी तशीच क्लिप बाजारात. कागद नव्हता, काहीच करता आलं नाही. तिने त्यानंतर कधी काही सुचवलं नाही, त्याचं मला जास्त वाईट वाटतं.

मग पीजी की स्टार्टअप? माझं मत विचारतेस तर पीजी कर, आणि कर म्हणते ते डिग्रीसाठी नाही. रेसिडेन्सीच्या तीन वर्षांत रात्री तीन वाजता वॉर्डात जे दिसतं ते बाहेरून येणाऱ्या कुणालाही दिसत नाही, ना इंजिनियरला ना इन्व्हेस्टरला. पण तुला पीजी नाहीच मिळालं किंवा नकोच असेल तरी दार बंद नाही, पब्लिक हेल्थ आहे, मायक्रोबायॉलॉजीसारखी लॅबची ब्रँच आहे जिला मुलं शेवटच्या राउंडला नाइलाजाने घेतात. निर्मलाताई मायक्रोबायॉलॉजीच्याच होत्या. इंटर्नशिप संपल्या संपल्या स्वतःची कंपनी मात्र काढू नकोस, अजून तुझ्याकडे स्वतःचा प्रश्नच नाहीये. आत्ता जो आहे तो लिंक्डइनवरून उचललेला आहे, खरं सांग.

सरकारी कॉलेजची असशील तर एक वर्षाचा बाँड, म्हणजे सक्तीची सरकारी सेवा, असेलच. सगळे तो टाळायच्या मागे असतात, तू मागून घे, शक्यतो जिथे बाळंतपणं होतात अशी पीएचसी. गेल्यावर पहिल्या आठवड्यात लेबर रूमचं रजिस्टर मागव, मागच्या दोन वर्षांचं, आणि संध्याकाळी बसून पहिल्या पानापासून वाच. कोण रेफर झाली, किती वाजता, गाडी किती वाजता आली, बाळाच्या वजनाचा रकाना कुठल्या सिस्टरच्या ड्युटीला रिकामा असतो, २५०० ग्रॅम असा गोल, म्हणजे न मोजता अंदाजाने लिहिल्यासारखा, आकडा किती वेळा आलाय. सिस्टरला चहा पाज आणि विचार की हा रकाना रिकामा का राहतो, ओरडू नकोस, नुसतं विचार. काटा बिघडलाय असं उत्तर आलं तर तो काटा स्वतः बघ. काय सापडलं ते मला कळव, मी वाट बघेन.